कुंपणाचा खर्च

साताऱ्यास घर बांधीत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, कुंपणास खर्च किती येईल?" भाव रोज बदलतात, हिशेबाची रीत तेवढी सांगतों. 40 फूट रुंद व 60 फूट लांब जागेचा घेर 200 फूट. फाटकाचे 10 फूट वजा करून दर 8 फुटांस एक खांब धरला, तर सुमारें 25 खांब लागतात. काटेरी तारेचे 5 पदर म्हणजे 950 फूट तार. कोपऱ्यांतील खांबांस दोन्ही बाजूंनीं ताण बसतो, म्हणून त्यांस तिरपे टेकू हवेत.

खरा फरक पडतो तो खड्ड्यांत. साताऱ्याच्या मुरमांत खणावयास मजुरी अधिक, पण रोवलेला खांब सहसा हलत नाहीं. सांगलीकडे कृष्णाकांठची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, पावसाळ्यांत फुगते. तेथें उथळ रोवलेले खांब लवकरच कलंडतात. खड्डा खोल घेऊन काँक्रीट भरणें भाग आहे.

निवडुंग फुकट, असें कोणी म्हणेल. परंतु तो पसरतो. 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसवितांना माळावरील निवडुंग काढण्यासच आधीं कष्ट पडले.

आणि मोजणी? सांगलीस मीं ती टाळली, पैसे वांचविले. पुढें शेजाऱ्यांनीं सरकारी मोजणी करविली, तेव्हां आमचे खांब वीतभर त्यांच्या हद्दींत निघाले. सबंध रांग उपटून पुन्हां रोवावी लागली. मजुरी दोनदां पडली, आणि त्या घरचें हळदीकुंकवाचें बोलावणें आमच्याकडे तीन वर्षें आलें नाहीं.