तलंगांच्या खाद्यातले विरजण

शीळफाट्याच्या दुकानातून डझनभर अंडी घेताना, ती घालणारी कोंबडी लहानपणी काय खात होती हे कोणी विचारीत नाही. विचारावे असे ते आहे.

खुडूक कोंबडीखाली निघालेले पिलू तिच्या विष्ठेत चोच मारते आणि तिच्या आतड्यांतील जंतू नकळत उचलते. यंत्रात उबविलेल्या पिलाला आईच भेटत नाही. त्याचे आतडे म्हणजे जवळजवळ रिकामे घर. जो आधी शिरेल तो ठाण मांडील. १९७१ साली फिनलंडमध्ये मांसाच्या कोंबड्यांत साल्मोनेला पसरला, तेव्हा नुर्मी व रांटाला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यांतील द्रव्य पिलांना पाजले. साल्मोनेलाला मग आत पाय रोवता येईना. हे त्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले.

प्रोबायोटिक याच तत्त्वावरचे. विरजणच म्हणा ना! लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल करतात, ते साल्मोनेलाला मानवत नाही. मात्र वाफेने तापवून केलेल्या गोळीखाद्यात ते बहुधा मरतात. बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू तगतात. ओल्या भुशावर दाटीने वाढविलेल्या पिलांना अर्थात ही पुडी तारीत नाही.

मग खटाटोप कशाला? खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविके घालीत, त्यांना न जुमानणारे जंतू त्यातून निपजतात आणि माणसांपर्यंत पोचतात. युरोपीय संघाने २००६ पासून ती प्रथा बंद केली. आपल्याकडे २०१९ साली पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिन वर्ज्य झाले. इस्पितळात इतर औषधे हरली की डॉक्टर जे काढतात, तेच हे औषध. तलंग अठरा-वीस आठवड्यांत अंड्यावर येते. विरजण लावायचे ते पिलाच्या पहिल्या दिवशी.