चुकणारा लेखनिक

जुन्या पोथ्यांशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला लेखनिकांच्या चुका नव्या नाहीत. एकाने 'घ'चा 'ध' करावा, दुसऱ्याने ओळ गाळावी. पाहता पाहता पाठभेदांचे रान माजते. ज्ञानेश्वरीतले हे रान निवारण्यासाठी एकनाथांना शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. एच.आय.व्ही. या विषाणूविषयी वाचताना मला हा लेखनिक हटकून आठवतो.

हा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. भारतात त्याचा पहिला पत्ता १९८६ साली मद्रासेत लागला, तो डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या प्रयत्नाने. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या.

रक्तातल्या सीडी-४ पेशी म्हणजे शरीराच्या संरक्षणाचे सरदार. विषाणू नेमका त्यांच्यात शिरतो, आपल्या संहितेची नक्कल करतो आणि ती पेशीच्या संहितेत प्रक्षिप्त ओवीसारखी घुसडून देतो. मग ती पेशी मुकाट्याने विषाणूच घडवू लागते. उपचार न झाल्यास काही वर्षांत हे सरदार इतके घटतात की क्षयासारखे रोग डोके वर काढतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एच.आय.व्ही.ची बाधा म्हणजे एड्स नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

हा लेखनिक नकलेत फार चुकतो, आणि या चुकाच त्याच्या पथ्यावर पडतात. १९८७ साली आलेल्या पहिल्या औषधाला त्याने अशाच एका पाठभेदाने चकविले. तीन औषधांना एकाच वेळी चकविणे मात्र फार कठीण. म्हणून १९९६च्या सुमारास तिहेरी उपचार रूढ झाला. तो वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात जाई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो सुमारे ३५० डॉलरांत देऊ केला. २००४च्या एप्रिलपासून आपल्याकडे सरकारी केंद्रांवर तो विनामूल्य मिळू लागला. आज बहुतेकांना तिन्ही औषधे रोजच्या एकाच गोळीत मिळतात. प्रक्षिप्त ओवी मात्र पुसता येत नाही. म्हणून गोळी जन्मभर घ्यायची आणि चुकवायची नाही. खंड पडला की लेखनिक पुन्हा लिहू लागतो.

माझा एक माजी विद्यार्थी हातात अहवाल असूनही वर्षभर उपचाराला गेला नव्हता. "सर, केंद्रावर गावातलं कुणी भेटलं तर?" मरणापेक्षा त्याला ओळखीच्या माणसाची धास्ती अधिक! अखेर तो गेला. आज तो नोकरी करतो, आणि त्याच्या रक्तात विषाणू तपासणीलाही सापडत नाही. अशी स्थिती टिकून राहिली, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही.

ही बाधा असुरक्षित संबंधातून, दूषित रक्तातून वा सुईतून आणि आईकडून बाळाला होते; एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने होत नाही. चेहऱ्यावरून ती ओळखता येत नाही. त्याला रक्ततपासणीच हवी. सरकारी केंद्रात ती विनामूल्य होते. पहिल्या चाचणीत दोष दिसला, तर आणखी दोन वेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. बाधा नुकतीच झाली असल्यास ती लगेच दिसत नाही. तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. २०१७च्या कायद्याने तपासणीला संमती आणि निकालाला गुप्तता आवश्यक ठरविली आहे.

विषाणूला आवरणारी गोळी निघाली. ओळखीच्या माणसाची धास्ती घालविणे मात्र त्या ओळखीच्या माणसाच्याच, म्हणजे तुमच्या-माझ्याच हाती आहे.