रुग्णाची साक्ष आणि परीक्षकाचे माप

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या मायलिन नामक आवरणावर आघात करते. परिणामी अनेक रुग्णांचे स्नायू ताठरतात, पाय आखडतात, पेटके येऊन झोप मोडते. या त्रासावर गांजाने उतार पडतो, असे कित्येक रुग्ण सांगत आले आहेत. त्या सांगण्याचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच भाषेचाही आहे.

ब्रिटनमधील ‘कॅम्स’ या चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. तीत ६३० रुग्णांची माहिती तपासण्यात आली. परीक्षकाने अवयव हलवून पाहावा आणि जाणवणाऱ्या विरोधास अंक द्यावा, ही ॲशवर्थ पद्धती प्रमाण मानली होती. तिच्यानुसार लक्षणीय फरक आढळला नाही. रुग्णांस विचारता मात्र गांजाचा अर्क घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के, केवळ टीएचसी हे द्रव्य घेणाऱ्यांपैकी ६० टक्के आणि औषधविरहित कुपी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के रुग्णांनी ताठरपणा कमी झाल्याचे सांगितले.

या विसंगतीचा उलगडा दोन प्रकारे होतो. औषधाचा अंमल ओळखता येत असल्याने अपेक्षेची छटा साक्षीवर पडली असावी. ४६ टक्के हा आकडाच अपेक्षेचे बळ दाखवितो. दुसरे असे की, ‘ताठरपणा’ या एकाच शब्दाचे येथे दोन अर्थ आहेत. परीक्षकाच्या लेखी तो तपासणीच्या क्षणी हाताला जाणवणारा विरोध. रुग्णाच्या लेखी त्यात रात्रीचे पेटके, वेदना व चालण्यातील अडचण यांचाही समावेश होतो. तेव्हा दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

२०१२ च्या ‘म्युसेक’ चाचणीत रुग्णाचे स्वतःचे मूल्यमापनच मुख्य माप ठरले. १२ आठवड्यांनंतर अर्क घेणाऱ्या २९.४ टक्के, तर इतर गटातील १५.७ टक्के रुग्णांस आराम पडला. इतर उपचार निष्फळ ठरल्यास मध्यम वा तीव्र ताठरपणावर टीएचसी व सीबीडी यांचा तुषार ४ आठवडे देऊन पाहावा, अशी शिफारस इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २०१९ साली केली. रुग्णाने ० ते १० या श्रेणीवर सांगितलेला त्रास किमान २० टक्के घटला, तरच तो पुढे चालू ठेवावयाचा.

तथापि या साक्षीस मर्यादा आहे. टीएचसीमुळे व्याधीची वाढ मंदावत नाही, असे २०१३ च्या ‘क्युपिड’ चाचणीत दिसून आले. शिवाय मोजून दिलेला अर्क आणि चिलमीतील गांजा यांस एकच नाव दिल्याने एकाचा पुरावा दुसऱ्यास लागू होत नाही. रुग्णाचा शब्द त्याच्या त्रासाविषयी प्रमाण होय. व्याधीच्या गतीविषयी नव्हे.