फिल्टर लावला, पडद्यावर काहीच नाही. म्हणजे?

नागपूरच्या धंतोलीत रुग्णालयं इतकी दाटीनं उभी आहेत की त्या भागात सर्व्हर सांभाळणाऱ्याला असा फोन नवा नसावा: ‘भाऊ, बिलिंग अटकून राहिलं, काउंटरवर लाइन लागली.’ सर्व्हर लिनक्सवर चालतो, लॉगमध्ये काही सापडत नाही. मग उरतं ट्रेसिंग, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात फाइल उघडली, थ्रेड झोपला, पॅकेट आलं, हे घडताघडता टिपणं. अशा घटना सेकंदाला लाखांनी घडू शकतात. त्यांतल्या हव्या तेवढ्याच मागायच्या तर फिल्टर लिहावा लागतो, आणि त्याची एक छोटी भाषा असते. तिच्याविषयीचे गैरसमज नवख्यांपुरते नाहीत.

‘सगळं टिपून घ्या, नंतर ग्रेपनं गाळा. फरक काय पडतो?’

पडतो. लिनक्सचा अंगभूत ट्रेसर एफट्रेस कर्नलमधल्या ठरावीक आकाराच्या बफरात नोंदी ठेवतो. तो भरला की नेहमीच्या मांडणीत जुन्या नोंदी पुसून त्यांच्या जागी नव्या येतात. ओपीडीच्या बाकड्यावर आधीपासून बसलेल्या पेशंटला नंतर आलेल्या नातेवाइकांनी उठवून लावावं, तसंच हे. ग्रेप चालवेपर्यंत हवी ती नोंद कदाचित गेलेली असते. कर्नलमध्येच फिल्टर लावला तर नको असलेली नोंद जागा अडवत नाही.

उलट, फिल्टरची सोय आहे म्हणून काम हलकं झालं असंही समजू नये. प्रोग्रामनं कर्नलला केलेले सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसला फक्त ‘ओपनअॅट’ हा कॉल दाखवायला सांगितलं, तरी तो प्रोग्रामला प्रत्येक सिस्टिम कॉलला थांबवत असे, आत जाताना आणि बाहेर येतानाही. फिल्टरनं ठरायचं ते फक्त काय छापायचं. २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीत सेककॉम्प-बीपीएफ वापरून नको ते कॉल न थांबवता सोडण्याचा पर्याय आला. तो मुद्दाम मागावा लागतो.

‘सी भाषा येते, मग फिल्टर आलाच.’

इथे जाणकारही फसतात. ‘पोर्ट ८० किंवा पोर्ट ४४३ आणि अमुक होस्ट’ अशी अट घ्या. सीमध्ये && हे || च्या आधी बांधलं जातं. म्हणजे पोर्ट ८० वरचं कुणाचंही पॅकेट चालेल, होस्टची अट फक्त ४४३ ला. बीपीएफट्रेस हा ट्रेसर सीचाच नियम पाळतो. नेटवर्कवरची पॅकेटं टिपणाऱ्या टीसीपीडम्पच्या भाषेत मात्र ‘अँड’ आणि ‘ऑर’ समान दर्जाचे, डावीकडून उजवीकडे जोडायचे. त्यामुळे होस्टची अट दोन्ही पोर्टांना लागते. अक्षरं तीच, पॅकेटं वेगळी, आणि चूक झाल्याचं सांगणारं कुणी नाही. माझ्या मते दोन्ही जोडणारे एकत्र आले की भाषेनं कंस सक्तीचे करावेत. थोडं जास्त टंकावं लागेल, लागू दे. तसे कंस आणि && यांना शेलमध्येही स्वतःचा अर्थ आहे, त्यामुळे अवतरणचिन्हं विसरली की वेगळाच घोटाळा. शब्दांनी जोडणाऱ्या टीसीपीडम्पचा तिथे फायदा होतो.

एफट्रेसची भाषा सीसारखी दिसते, पण फारच आखडती आहे: डावीकडे फील्डचं नाव, मध्ये तुलना, उजवीकडे किंमत. बेरीज-वजाबाकी नाही.

‘नाव किंवा पीआयडी दिला की प्रोसेस सापडलीच.’

कर्नल ‘कॉम’ या फील्डमध्ये नावाची जेमतेम १५ अक्षरं ठेवतो. कंटेनरडी-शिम-रंक-व्ही२ हे नाव तिथे ‘कंटेनरडी-शिम’पाशीच तुटतं. पूर्ण नावाशी बरोबरी मागणारा एफट्रेसचा फिल्टर विनातक्रार स्वीकारला जातो आणि कधीच जुळत नाही. पीआयडीचं, म्हणजे प्रोसेसच्या क्रमांकाचं, दुखणं याहून वाईट. बीपीएफट्रेसमध्ये ‘पीआयडी’ म्हणजे अख्खी प्रोसेस. एफट्रेसच्या ‘कॉमन-पीआयडी’त थ्रेडचा क्रमांक असतो. मायएसक्यूएलचा मुख्य क्रमांक तिथे दिला तर फक्त मुख्य थ्रेड दिसतो, क्वेरी चालवणारे बाकीचे नाहीत. पडदा रिकामा पाहून ‘डेटाबेस ठीक आहे’ म्हणणारा माणूस इथेच तयार होतो.

फील्डचं नाव चुकलं तर एफट्रेस ठणकावून नकार देतो, आणि फिल्टरची फाइल वाचली की तसं फील्ड नसल्याचा संदेशही दिसतो. वाक्यरचना ठरवणाऱ्याची खरी परीक्षा अशा ठिकाणी आहे. कधीच खरी न होणारी अट स्वीकारतानाच ओळखता येत असेल, तर ती गुपचूप घेऊ नये. १५ अक्षरांपेक्षा लांब नाव ओळखणं काही अवघड नाही.

‘भाषा तोकडी आहे, म्हणजे करणाऱ्यांनी आळस केला.’

तोकडेपणा मुद्दाम आहे. फिल्टर कर्नलमध्ये, चालू कामाच्या मधोमध चालतो. तो संपलाच नाही तर यंत्रच थांबेल. स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या बीपीएफ या पॅकेट-फिल्टरमध्ये उडी फक्त पुढेच मारता येत होती, म्हणून लूप शक्यच नव्हता. २००५ च्या सोलारिस १० मध्ये आलेल्या डीट्रेसच्या भाषेतही लूप नव्हते. दोन तिरप्या रेघांमध्ये अट लिहायची, खरी ठरली तर पुढचं चालेल. बीपीएफट्रेसनं ती रचना तशीच उचलली. ईबीपीएफ या बीपीएफच्या लिनक्समधल्या विस्तारित रूपात मर्यादित लूपला परवानगी मिळाली ती २०१९ मध्ये, तीही प्रोग्राम संपतोच याची कर्नलमधल्या व्हेरिफायरनं खात्री केल्यावर.

राहिली एक बारीक गोष्ट, रात्रपाळीवाल्यांसाठी. एफट्रेसमध्ये घटनेवर लावलेला फिल्टर आपण टर्मिनल बंद केलं म्हणून निघत नाही. त्याच्या फाइलमध्ये शून्य लिहीपर्यंत किंवा यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तो तिथेच राहतो. सकाळी येणाऱ्या सहकाऱ्याला अर्धवट घटना पूर्ण समजून वाचायला लावायच्या नसतील, तर निघण्याआधी ते शून्य लिहून ठेवा.