वाढत्या शहराची प्रकृती

'पुण्याला नोकरी मिळते आहे, जाऊ की इथेच राहू?' असा प्रश्न तरुण मुलांना पडतो. निवृत्त आई-वडिलांचा प्रश्न याच्या उलट असतो, 'मुलाकडे पुण्याला जावं की इथलंच घर बरं?' अशा वेळी घरोघरी पगार, शाळा, जागेचे भाव असा सगळा हिशेब होतो. प्रकृतीचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात राहणाऱ्यांनी तो जरूर मांडावा.

१९९१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास होती. २०११मध्ये ती पावणेबारा लाखांवर गेली, म्हणजे वीस वर्षांत दुप्पट. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांनी माणसं आणली आणि बीड बायपास ओलांडून वस्ती सातारा-देवळाईपर्यंत पसरली. आज हे शहर लहान उरलेलं नाही आणि महानगरही झालेलं नाही.

जवळ असण्याचा फायदा

अशा शहराचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे कमी अंतर. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मिनिटागणिक निकामी होत जातो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. इथल्या बहुतेक वस्त्यांमधून मोठं रुग्णालय तासाभराच्या आत गाठता येतं.

मग रुग्ण उशिरा का येतात? कारण वेळ रस्त्यात कमी आणि घरातच जास्त जातो. 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून सोडा घेतला जातो. हात लुळा पडला तर मालीश केलं जातं, 'सकाळी बघू' म्हणून झोपलं जातं. छातीत जडपणा आणि घाम, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं, अचानक बोबडी वळणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८ला फोन करा. पक्षाघात नेमका किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवा. डॉक्टर तुम्हाला पहिला प्रश्न तोच विचारतील.

कमी अंतराचा दुसरा फायदा म्हणजे वाचलेला वेळ. लोकलच्या गर्दीत जाणारे दोन-तीन तास इथे आपल्या हातात राहतात. पण ते चालण्यात जातात का? २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण ग्रामीण भागात ८.९ टक्के, तर शहरी भागात १६.४ टक्के आढळलं. गावाकडून आलेल्या माणसाची भाकरी तीच राहते, शेतातलं चालणं मात्र सुटतं. कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडीला किक मारली जाते. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.

साठवलेलं पाणी

आता तोट्यांकडे वळू. शहर वाढतं त्या वेगानं पाणी वाढत नाही. जायकवाडी उशाला असूनही गेली कित्येक वर्षं शहराच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतरानंच पाणी येत आलं आहे. त्यामुळे घरोघरी टाक्या, ड्रम, रांजण भरलेले असतात. डेंगीचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. नवीन बांधकामांवरचे हौद आणि तळघरातलं पाणी त्यात भर घालतं. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा असतो. नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून भांडं आतून घासा. जे रिकामं करता येत नाही, ते घट्ट झाका.

ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन यांसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंगीत धोका बहुधा ताप उतरताना असतो. त्या वेळी पोट दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यातलं काही दिसलं तर 'ताप तर गेला' म्हणून घरी थांबू नका.

दुचाकी आणि धूळ

पुरेशी सार्वजनिक वाहतूक नसली की शहर दुचाकीवर चालतं. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यात ४४ टक्के दुचाकीवरची होती. 'इथल्या इथे तर जायचंय' म्हणून हेल्मेट घरी राहतं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. मागे बसलेल्यालाही ते तितकंच लागू आहे.

हवेचंही तसंच. २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात या शहराचं नाव आहे. रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ, जाळलेला कचरा दमेकऱ्यांना आधी जाणवतो. निदान आपल्या गल्लीत कचरा पेटू न देणं आपल्या हातात आहे.

मग राहावं की जावं? दुर्मीळ आजारावर नियमित, अतिविशेष उपचार लागत असतील, तर मोठं शहर सोयीचं, हे खरं. पण रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी अशा नेहमीच्या आजारांसाठी वर्षानुवर्षं ओळखणारा डॉक्टर, पायी गाठता येणारं औषधांचं दुकान आणि रात्री हाक मारता येईल असा शेजारी यांचं मोल मोठं आहे. सत्तरीतल्या माणसाला अनोळखी शहरातल्या अकराव्या मजल्यावर नेण्याआधी मुलांनी याचा विचार करावा. आणि आई-वडील इथेच राहणार असतील, तर त्यांच्या औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि शेजाऱ्याचा फोन नंबर आजच आपल्याजवळ घेऊन ठेवावा.