प्रेआ विहारचा सीमावाद : नकाशा आणि शब्दार्थ

डांगरेक पर्वताच्या कड्यावरील प्रेआ विहार या ख्मेर शिवमंदिरावरून थायलंड व कंबोडिया यांच्यात झालेल्या वादाचे मूळ एका विसंगतीत आहे. १९०४ च्या फ्रान्स-सयाम तहाने त्या भागात जलविभाजक रेषा ही सीमा ठरविली. परंतु १९०७ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूस पडले. १९३४-३५ च्या सयामी पाहणीत ही तफावत उघड झाली, तरीही सयामने हरकत घेतली नाही. हे मौनच पुढे निर्णायक ठरले. १५ जून १९६२ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाचे ठरविले. प्रत्यक्ष जलविभाजक कोठून जातो, हे पाहण्याची त्यास आवश्यकताच वाटली नाही.

निकालातील एक शब्द मात्र संदिग्ध राहिला. मंदिरातील व त्याच्या कंबोडियन भूमीवरील 'परिसरातील' सैन्य थायलंडने काढून घ्यावे, असा आदेश होता. परिसर म्हणजे किती भूमी? (शब्दार्थनिर्णय हा केवळ कोशकारांचा विषय नव्हे, तो असा.) थायलंडने मंदिराभोवती काटेरी तारांचे कुंपण घालून अर्थ तेवढ्यापुरता आकुंचित केला. २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मंदिराची नोंद होताच तंटा पुन्हा पेटला आणि २०११ मध्ये तोफा धडाडल्या. अखेर ११ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यायालयाने 'परिसर' म्हणजे मंदिराची संपूर्ण डोंगरसोंड, असा अर्थ केला. लगतची फ्नोम ट्राप टेकडी त्यातून वगळली. २४ जुलै २०२५ रोजी सुरू झालेल्या पाच दिवसांच्या लढाईची पहिली ठिणगी तर पश्चिमेकडील ता मुएन थोम मंदिरापाशी पडली, आणि १९६२ चा निकाल त्या स्थळास लागूच होत नाही.