एक पेला कॉफी आणि निपाणीचे पाणी



माझे माहेर निपाणीचे आणि सासर बेळगावचे. दोहोंमध्ये महामार्गाची पाऊणशेहून थोडी अधिक किलोमीटरांची वाट. हत्तरगी आणि संकेश्वर मागे पडले, तवंदीचा घाट ओलांडला की निपाणी आली. आई गेल्यापासून पंधरवड्यातून एका शनिवारी, शाळा सुटली की मी ही वाट धरते. बाबांनी आता ऐंशी ओलांडली आहे. त्यांची सारी हयात तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस म्हणून गेली. डॉक्टरांनी त्यांच्या खाण्यापिण्यातील एकेक गोष्ट काढून घेतली, आणि दुपारची एक पेला कॉफी तेवढी मागे ठेवली. त्या एका पेल्यासाठी मला जो खटाटोप करावा लागला, त्याची हकीकत आज सांगणार आहे.

आमचा हा मुलूख तसा चहाचा. कॉफी आमच्या घरांतून होते ती उपासाला, पाहुण्यांसाठी, किंवा मुलांना लवकर झोप यावी म्हणून. आणि तीही दुधात पूड उकळून, भरपूर साखर घालून, वर जायफळ किसून. कॉफीने झोप यावी ही अपेक्षाच मुळात नवलाची, पण ते श्रेय जायफळाला द्यावयाचे. या कॉफीला मी नावे ठेवीत नाही. मात्र तिच्यात पुडीचे गुण दिसत नाहीत आणि पाण्याचे दोषही दिसत नाहीत. बाबांना गोडी लागली होती ती निराळ्या कॉफीची. वखारीचे सौदे उडुप्यांच्या हॉटेलात बसून होत. तेथे पितळी फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेले डिकॉक्शन दुधात मिसळून मिळे. तीच चव त्यांच्या जिभेवर राहिली.

बेळगावात माझी फिल्टर कॉफी चांगली होते, असे घरातील माणसे म्हणतात. तीच मी निपाणीला करी, आणि बाबा अर्धा पेला ठेवून देत. विचारले, “बाबा, नीट नाही का झाली?” तर म्हणत, “छान झालीय गं.” एके दिवशी अंगणातील जास्वंदीच्या बुंध्याशी मला माती तपकिरी दिसली. उरलेली कॉफी कोठे जात होती ते तेव्हा कळले. मुलीचे मन राखण्यासाठी म्हातारा माणूस दिवसातला आपला एकुलता एक चैनीचा पेला जास्वंदीला पाजीत होता.

मी शाळेत शास्त्र शिकवते. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आठवीच्या मुलांना दरवर्षी सांगते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मी हा नियम साफ विसरले. नव्या बिया मागविल्या, दळण्याचे हातयंत्र घेतले, आणि एरोप्रेस नावाचे साधनही आणले. अमेरिकेतील अ‍ॅलन अ‍ॅडलर या संशोधकाने ते २००५ साली बाजारात आणले. प्लास्टिकची नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या, एवढेच ते आहे. फुटत नाही, वजनाला हलके, प्रवासाला उत्तम. हे सारे एकाच शनिवारी निपाणीला नेले. कॉफी थोडी बदलली. पण कशामुळे बदलली, हे सांगता येईना. खर्च झाला आणि ज्ञान काही वाढले नाही. मग पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिला संशय पुडीवर. त्याआधी मी कधी बेळगावहून डिकॉक्शनच थर्मासमध्ये भरून नेत असे, कधी दळलेली पूड. थर्मासमध्ये दोन-तीन तास गरम राहिलेले डिकॉक्शन आंबूस-कडवट होते. त्यापेक्षा ते थंड करून बाटलीतून न्यावे आणि तेथे दुधापुरतेच गरम करावे, हे बरे. पुडीची गोष्ट निराळी. कच्ची हिरवी बी कोरड्या जागी महिनोन्महिने टिकते. भाजलेली बी काही आठवडे चांगली राहते. दळली की तिचा हवेशी येणारा संबंध अनेक पटींनी वाढतो, आणि जो सुगंध दळताना घरभर दरवळतो तो तेवढा पेल्यातून वजा झालेला असतो. म्हणून प्रवासात न्यावयाच्या त्या बिया, आणि दळावयाच्या त्या आधण ठेवल्यावर. विजेच्या मिक्सरवर पूड होते, पण काही कण पिठासारखे आणि काही रव्यासारखे राहतात. पिठातून कडूपणा उतरतो आणि रव्यातून पुरेसे काहीच उतरत नाही. हातयंत्राला वेळ लागतो, पण दाणा एकसारखा पडतो.

बिया भाजण्याचा नादही मला याच काळात लागला. लोखंडी कढईत मध्यम आचेवर दीड-दोनशे ग्रॅम हिरव्या बिया सतत हलवीत राहावे. आधी त्या पिवळ्या होतात आणि ओल्या गवतासारखा वास येतो, मग भाजणीसारखा, आणि साधारण दोनशे अंशांच्या सुमारास लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज होतो. त्यानंतर एक-दोन मिनिटांत कढई उतरवून बिया चाळणीत घालून वारा द्यावा. उतरविल्या नाहीत तर त्या कढईतल्या उष्णतेनेच करपतात. माझ्या पहिल्या दोन घाण्यांचे तेच झाले. भाजल्यावर वजन शेकडा पंधरा ते वीसने घटते. ताज्या भाजलेल्या बीतून कर्बद्विप्राणील वायू निघत असतो, म्हणून एक-दोन दिवस थांबून मग दळावी. या बिया चिकमगळूरकडच्या. ज्या बाबाबुदनगिरीच्या डोंगरांत सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून लावल्या गेल्या असे परंपरा सांगते, त्याच बाजूच्या. देशातील कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के आपल्या कर्नाटकात पिकते, आणि तरी आमच्या सीमाभागात ती पाहुण्यासारखी वागविली जाते, ही गंमत आहे.

बिया नेल्या, तेथे दळल्या. दळताना वास सुरेख आला. पेला मात्र तसाच मवाळ, खडूच्या चवीचा. बाबांनी घोट घेतला आणि प्रथमच खरे बोलले : “पोरी, कॉफीला जीव नाही.”

एकदा त्यांची भीड मोडल्यावर माझे काम सोपे झाले. पान चुरगाळून, वास घेऊन तंबाखूची पत ठरविणाऱ्या व्यापाऱ्यांत या माणसाने चाळीस वर्षे काढलेली. त्यांच्या नाकासारखे साधन माझ्या प्रयोगशाळेत नाही. त्यांनी बियांचा डबा उघडून नाकाशी नेला आणि म्हणाले, “हिला वखारीचा वास लागलाय.” डबा मी ठेवीत असे तो लाकडी पेटीत, आणि त्या पेटीत एके काळी तंबाखूचे नमुने असत. कॉफी आसपासचा वास चटकन ओढून घेते. निपाणीसारख्या गावात ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला आणि तो स्वयंपाकघरात ठेवला. वखारीचा वास गेला. कॉफीला जीव काही आला नाही.

मग उष्णतेचा विचार केला. समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटर वर गेले की पाणी सुमारे एक अंश लवकर उकळते. बेळगाव साडेसातशे मीटरांच्या आसपास, म्हणजे तेथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांवर उकळणार. निपाणी त्याहून थोडी खाली, तेथे अर्धा अंश अधिक. कॉफीला नव्वद ते शहाण्णव अंश पुरतात. तेव्हा हा संशय कागदावरच निकाली निघाला. चिकोरीचा प्रश्नच नव्हता, कारण बिया माझ्याच हातच्या होत्या. तथापि तयार पूड घेणाऱ्यांसाठी सांगते. कायद्याप्रमाणे मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि तिचे प्रमाण पुड्यावर छापावे लागते, ते वाचावे. सुटी पूड घेतली असेल तर चिमूटभर थंड पाण्यावर भुरभुरावी : कॉफी बराच वेळ तरंगते, चिकोरी रंग सोडीत तळाशी जाते. चिकोरी हे काही विष नव्हे, बाबांना ती थोडी आवडतेही. पण कॉफीच्या दराने ती का घ्यावी?

आता उरले पाणी. काळ्या कॉफीच्या पेल्यात शंभरातील अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असते, आणि त्याच्याकडे मी सर्वांत शेवटी पाहिले! बेळगावात माझ्या नळाला येते ते राकसकोपच्या जलाशयाचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी पडलेल्या पावसाचे मऊ पाणी. निपाणीच्या आमच्या घरी स्वयंपाकाला कूपनलिकेचे पाणी. तेथे खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन येते.

शाळेतला साधा प्रयोग केला. दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही गावांचे सारखे पाणी घेतले, अंगाच्या साबणाचा कीस विरघळवून त्याचे दहा-दहा थेंब दोहोंत टाकले आणि बाटल्या हलविल्या. बेळगावच्या पाण्याला बोटभर फेस आला. निपाणीच्या पाण्यावर दह्यासारखी साय धरली. कपड्यांच्या पावडरीने मात्र हा प्रयोग फसतो, कारण ती जड पाण्यातही फेसाळते. नंतर बाबांच्या केटलीच्या तळाचे पांढरे किटण खरवडले आणि त्यावर लिंबू पिळले. बुडबुडे आले. म्हणजे पाण्यात नुसते क्षार नव्हते, बायकार्बोनेट होते.

कॉफीच्या दृष्टीने मेख येथेच आहे. कॉफीच्या चवीतला जो तजेला, तो तिच्यातील सौम्य आम्लांचा. बायकार्बोनेट हे आम्लाला मारणारे द्रव्य. अपचनावर आपण सोडा घेतो तो याच गुणासाठी. पाण्यात ते फार असले की पेल्यातील आम्ले तेथल्या तेथे विझतात आणि मागे उरतो तो कडवट मवाळपणा. पण म्हणून क्षार अजिबात नकोत असेही नाही. अगदी निःक्षार पाण्यात कॉफी पोकळ लागते, कारण चुना आणि मॅग्नेशियम थोडे असले तर पुडीतील चव बाहेर काढावयास मदतच होते. ज्यांच्या घरी शुद्धीकरणाचे यंत्र पाण्यातील क्षार जवळजवळ सारेच काढून टाकते, त्यांनी त्यात थोडे साधे पिण्याचे पाणी मिसळून पाहावे.

तर्क झाला, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुढच्या खेपेस बेळगावचे दोन लिटर पाणी घेऊन गेले. रविवारी मिस्साहून परतल्यावर शेजारच्या काकूंना बोलाविले. बिया, दळण, फिल्टर, दूध, साखर सारे एक. पाणी तेवढे निराळे. पेल्यांच्या तळाला काकूंनी पेन्सिलीने खुणा केल्या, त्यामुळे कोणता पेला कशाचा हे मलाही ठाऊक नव्हते. मला ठाऊक असते तर माझ्या चेहऱ्यावरून बाबांना कळले असते. त्यांनी एकेक घोट घेतला आणि डावीकडचा पेला पुढे ओढला. तळ पाहिला : बेळगाव. पेले बदलून पुन्हा केले, पुन्हा तेच. त्यापुढच्या खेपेस तिसऱ्यांदा केले, तरी तेच.

कॉफीच्या प्रयोगासाठी मोठी यंत्रे लागतात असे कुणास वाटत असेल, तर जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची आठवण करून देते. कॉफीतला गाळ आणि कडूपणा तिला आवडेना. १९०८ साली तिने पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडली आणि त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. आज जगभर वापरात असलेली कागदी गाळणी अशी निघाली. माझे साधन तर त्याहूनही साधे होते : साबण, लिंबू आणि शेजारीण.

परंतु दोष सापडला म्हणजे काम संपले असे नव्हे. बेळगावहून रोजच्या पेल्यापुरते पाणी मी किती दिवस वाहणार? उपाय बाबांना एकट्याने करता येण्याजोगा हवा होता. बायकार्बोनेटामुळे आलेला जडपणा उकळल्याने बराच निघून जातो. क्षार पांढरे होऊन तळाशी बसतात. म्हणून रात्री पातेलेभर पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे, झाकून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी तळ न ढवळता वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. दोन पेल्यांना वीस ग्रॅम पूड फिल्टरच्या वरच्या भांड्यात सारखी पसरून, चकतीने हलकेच दाबावी. उकळी थांबल्यावर अर्धा मिनिट थांबून दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाणी गोलाकार ओतावे आणि पाव तास हात लावू नये. दाबून, ठोकून घाई केली की कडूपणा उतरतो. दूध वेगळे तापवावे. डिकॉक्शन उकळू नये.

दूरच्या प्रवासाविषयी श्रोते विचारतील, म्हणून थोडक्यात. आगगाडीत विजेची केटली लावण्यास मनाई आहे. मी घरूनच चांगले पाणी उकळून थर्मासमध्ये घेते, सोबत बिया, हातयंत्र आणि ती प्लास्टिकची नळी. बंगळूरच्या गाडीत शेजारची मंडळी आधी संशयाने पाहतात, आणि दळताना वास सुटला की पेले पुढे करतात. पाणी थोडे निवलेले असते, तेव्हा पूड जरा बारीक दळावी आणि मिनिटभर अधिक मुरू द्यावी.

उकळून निवळलेल्या पाण्याची कॉफी बाबांना प्रथम दिली तेव्हा मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी पेला संपविला, तळ पाहिला, आणि विचारले, “आई उपवासकाळात चाळीस दिवस कॉफी सोडायची, आठवतं? तिला ही मिळाली असती तर सोडवली नसती.” मग पेला स्वतःच विसळून ठेवला.

हल्ली पंधरवड्याच्या त्या शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन येतो. प्रकृती कशी आहे ते मी विचारण्याआधीच सांगतात, “पाणी उकळून झाकून ठेवलंय. बिया विसरू नको.” जास्वंदीला आता साधे पाणी मिळते.